हत्ती नसलेल्या बेटावर: भाचीला घेऊन घारापुरीचा एक दिवस

"मामा, हत्ती केवढाय?" गेटवेच्या पायऱ्यांवर ओवीने पहिल्यांदा विचारलं. लाँच सुटल्यावर पुन्हा विचारलं. वय वर्षं नऊ. एलिफंटाला जायचं म्हणजे तिथे हत्ती असणारच, हा तिचा हिशोब चोख होता. चुकलं होतं ते माझं. बेटावरचा हत्ती १८६४ सालीच बेट सोडून गेलाय, हे मला ठाऊक होतं आणि मी ते तिला सांगितलं नव्हतं.

घारापुरीला शाळेच्या सहलीतून बहुतेक सगळे मुंबईकर एकदा जाऊन आलेले असतात. त्यातून आठवतं काय, तर रांग, डबा आणि माकडाने पळवलेली कुणाची तरी बाटली. आपल्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन जाताना ती सहल पुन्हा काढायची नसते. माझं मत आधीच सांगून टाकतो: आठ-दहा वर्षांच्या मुलासोबत लेण्याला दीड तास पुरतो, बाकीचा दिवस बेटाला द्यायचा. चिखल, खेकडे, तिवरं, तोफा, गाव. याआधी दोन भाच्यांना नेऊन आणलंय, एकदा सपशेल फजितीही झालीय. त्यातून जमलेलं इथे क्रमाने लिहितोय.

दिवस ठरवताना: आधी वार, मग तिथी

सोमवारी लेणी बंद असतात. मी मोठ्या भाच्याला नेमका सोमवारी घेऊन गेलो होतो. गेटवेला कबुतरं बघितली, भेळ खाल्ली आणि चर्चगेटहून परत घरी. तो आता कॉलेजात आहे, अजून ऐकवतो. रविवारीही जाऊ नका, पायऱ्यांवर मुलाचा हात सोडता येणार नाही इतकी गर्दी असते. शाळेला सुट्टी असलेला मंगळवार ते शुक्रवारमधला कुठलाही दिवस उत्तम. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, आणि एप्रिल-मेमध्ये तो काळा दगड असा तापतो की मूल अकरा वाजताच "घरी जाऊया" म्हणायला लागतं.

आता तिथी. हसू नका, मुहूर्त काढायला सांगत नाहीये. भरती-ओहोटीचा हिशोब तिथीवर चालतो आणि कोकणपट्टीत त्याची सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासूनच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीपुरतं भागतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

मी पंचमी किंवा षष्ठी धरतो. सकाळी दहाच्या आसपास बेटावर उतरलं की ओहोटी असते आणि धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो. दुपारी परत येताना त्याच जागी पाणी चढलेलं. एकाच ठिकाणाची दोन रूपं एका दिवसात दिसतात आणि मुलाला भरती-ओहोटी समजावून सांगावी लागत नाही. ओवीने कालनिर्णयसमोर उभं राहून गुणाकार स्वतः केला. पाऊणकी शाळेत शिकवत नाहीत, त्यामुळे पाचाची पाऊणपट पावणेचार यायला थोडा वेळ लागला. नक्की वेळ हवी असेल तर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. ते बघा, पण गुणाकार झाल्यावर.

पिशवीत काय

पाठीवर अडकवायची, चेनची पिशवी. हातातली पिशवी किंवा प्लॅस्टिकची थैली अजिबात नको, कारण पुढे येईलच. आत पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, एक जादा टी-शर्ट, ओला रुमाल, आवळासुपारी, छोटी टॉर्च आणि कोऱ्या पानांची वही-पेन्सिल. वही विसरू नका. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. स्लिपर घालून लाँचमध्ये चढणं म्हणजे एक चप्पल अरबी समुद्राला वाहणं.

नाश्ता आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. सकाळी वडापाव खाऊन लाँचमध्ये बसलेलं मूल तो वडापाव बेटापर्यंत नेईलच असं नाही. उपमा, केळं, साधी पोळी ठीक.

गेटवे आणि लाँच

पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, तीच पकडा. चर्चगेटहून गेटवे चालत पंचवीसेक मिनिटं, मूल कुरकुरणारं असेल तर टॅक्सी. तिकीट जाऊन-येऊनचं एकत्र मिळतं. परतीचा भाग पाकिटात आत घाला, वरच्या खिशात नको. आणि लाँचच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहण्याआधी मुलाला बाथरूमला नेऊन आणा. "मला नाही लागलीय" हे वाक्य मानू नका. पुढे तासभर पाणीच पाणी आहे.

लाइफ जॅकेट. याबाबतीत मी कटकट्या मामा आहे आणि राहणार. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली आणि माणसं गेली. लाइफ जॅकेट मिळालं की ते मांडीवर घेऊन फोटो काढणारे असतात, त्यांच्याकडे बघू नका. मुलाच्या मापाचं मागा, सगळे पट्टे आवळा आणि मग खांद्याजवळ धरून जॅकेट वर उचलून बघा. ते हनुवटीच्या वर सरकून कानापर्यंत गेलं तर माप मोठं आहे, बदलून घ्या. ओवीचं पहिलं जॅकेट असंच कानापर्यंत गेलं. दुसरं बसलं.

वरच्या डेकवर बसायचे थोडे जादा पैसे घेतात आणि जाताना ते जरूर द्यावेत. मूल उलटी करणारं असेल तर मात्र खाली, मधोमध, इंजिनाच्या धुरापासून लांब बसवा आणि दूर क्षितिजाकडे बघायला सांगा. मोबाइलवर मान खाली घातली की मळमळ आलीच.

या तासाभरात मोबाइलची गरजही पडत नाही. मागे ताज आणि गेटवे लहान होत जातात. एका बाजूला नौदलाच्या राखाडी बोटी. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, नंबर वाचायचे. पुढे नांगरलेली तेलवाहू जहाजं. त्यांच्या पोटावर रंगाची सीमारेषा असते, जहाज रिकामं असेल तर ती पाण्याच्या बरीच वर दिसते, भरलेलं असेल तर पाण्यात बुडते. कुठलं जहाज माल उतरवून आलंय हे मुलांना पाच मिनिटांत ओळखता येतं. मग बुचर आयलंड, कागदोपत्री जवाहर द्वीप, तिथल्या तेलाच्या टाक्या. समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूची रेघ.

हिवाळ्यात लाँचमागे कुरव पक्षी येतात आणि डेकवरचे लोक त्यांना गाठी-शेव टाकतात. आपण टाकू नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तळलेलं फरसाण घालणं हा पाहुणचार नव्हे. हे ओवीला सांगितलं, तर ती शेजारच्या काकांनाही सांगायला गेली. काकांनी उरलेली पुडी तिलाच देऊ केली.

धक्का: इथे घाई करू नका

लाँच लागली की सगळे छोट्या आगगाडीकडे पळतात. धक्क्यापासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत ती जाते. पळू द्या. आपण आधी चालत जायचं आणि गाडी परतीला, पाय दुखत असताना ठेवायची. मुलाला हे पटत नाही, पण "येताना नक्की" असं म्हणून ते पाळलंत तर चालतं.

कठड्याशी उभं राहून खाली चिखलाकडे बघा. पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. तीच अवघड. आपण हललो की चिखलावरचं सगळं भोकांत शिरतं, म्हणून पुतळ्यासारखं थांबायचं. मग एकेक जण बाहेर येतो. आधी बारीक खेकडे, ज्यांची एकच नांगी अंगापेक्षा मोठी असते. नर ती वर-खाली हलवत राहतो, जणू लांबच्या बसला हात दाखवतोय. मग निवटी. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर टेकलेले, पुढच्या परांवर कोपरं टेकल्यासारखा चिखलात सरपटतो आणि मध्येच टुणकन उडी मारतो.

"मामा, मासा चालतोय."

"हो."

"पाण्याबाहेर."

"हो."

"मग तो मासा कसा?"

उत्तर चांगलं आहे, म्हणून देतो. निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे अंग ओलं आहे तोवर तो बाहेर राहू शकतो. म्हणून अधूनमधून चिखलात लोळण घेतो. आम्ही तिथे वीस मिनिटं उभे होतो. त्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ तोच होता, आणि त्याचं तिकीटही नव्हतं.

किनाऱ्याला तिवरं आहेत. त्यांच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखं काही वर आलेलं दिसेल, ती मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराचं पान तोडू नका, पण वाकून पानाची खालची बाजू बघा. काही पानांवर मिठाचे कण चमकतात. झाडाने घाम गाळावा तसं नको असलेलं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. भरतीला येताना हीच मुळं पाण्याखाली गेलेली असतील, म्हणून आत्ता एखादं झाड खूण करून ठेवा. आमचं झाड होतं विजेच्या खांबाजवळचं, वाकडं.

वीज या बेटावर २०१८ साली आली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, मग अंधार. धक्क्यावर उभं राहून मुंबईच्या इमारती दिसतात, त्यामुळे हे ऐकलं की मोठी माणसंसुद्धा क्षणभर गप्प होतात.

पायऱ्या आणि माकडं

पायथ्याशी ग्रामपंचायतीचा किरकोळ कर भरायचा, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं: माळा, दगडी हत्ती, टोप्या. मुलाला आधीच सांगून ठेवा की खरेदी उतरताना, आणि किती रुपयांपर्यंत तेही. आम्ही शंभर ठरवले होते. पायऱ्या मोजायच्या असतील तर मोठ्याने मोजा. आमच्या दोघांच्या आकड्यात तीनचा फरक आला आणि मध्ये कोण चुकलं यावर उतरेपर्यंत वाद चालला.

खरी सावधगिरी माकडांची. हातात बाटली, चिप्स, आइस्क्रीम, प्लॅस्टिकची थैली, काहीही नको. पिशवी पाठीवर, चेन बंद. आमच्या पुढे एक ताई हातात रंगीत सरबताची बाटली घेऊन चढत होत्या. कठड्यावरून एक माकड आलं, बाटली घेतली, झाडावर बसलं, झाकण फिरवून उघडलं, प्यायलं आणि रिकामी बाटली खाली टाकली. अर्ध्या मिनिटाचा मामला. माकड जवळ आलं तर मुलाला पळू देऊ नका, डोळ्यांत डोळे घालून बघू देऊ नका, दात दाखवून हसूही नका; माकडाच्या भाषेत ती धमकी असते. वस्तू घेतलीच तर सोडून द्या, ओढाओढ करू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. बाकी सगळं रद्द.

लेण्यात: तीनच गोष्टी

वर तिकीटघर आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, मोठ्यांचं ऑनलाइनही काढता येतं.

आत शिरल्याशिरल्या वाटाड्याच्या मागे लागू नका. मुख्य लेण्याच्या तोंडाशी एक मिनिट डोळे मिटून थांबा, मग उघडा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना नाहीतर आतलं काहीच दिसत नाही. मग मुलाला एकच प्रश्न विचारा: हे बांधलं कसं असेल? खांब कुठून आणले असतील? सगळी मुलं ट्रक, क्रेन, हत्ती म्हणतात. मग सांगा की एकही खांब आणलेला नाही. अख्खा डोंगर होता, नको तेवढा दगड काढून टाकला, उरलं ते लेणं. ओवी खांबाला हात लावून वर बघत राहिली. "म्हणजे चुकलं तर खोडता येत नाही?" नाही येत. मधले काही खांब मात्र मोडल्यामुळे नंतर पुन्हा उभारलेत. जुने कुठले, नवे कुठले हे ओळखायचा खेळ चांगला रंगतो.

शिल्पं पुष्कळ आहेत. सगळी दाखवायला गेलात तर चौथ्या शिल्पापाशी मूल पायांनी रेघोट्या मारायला लागतं. तीन निवडा. माझी तीन अशी.

पूर्वेकडच्या दाराशी समोरासमोर दोन शिल्पं आहेत. एकात शंकर-पार्वती सारीपाट खेळताहेत आणि पार्वती रुसलेली दिसते. दुसऱ्यात रावण कैलास उचलतोय. ही दोन्ही घरातली भांडणं असल्यासारखी मुलांना लगेच कळतात. रावणाच्या शिल्पाची बरीच मोडतोड झालीय, त्यामुळे कुठला हात कुणाचा हे शोधत बसावं लागतं, आणि तिथे टॉर्च कामाला येते. या बेटावर १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांनी इथला शिलालेख पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. त्यामुळे लेणं कुणी कोरवून घेतलं याचं लेखी उत्तर नाही. अभ्यासकांचा कल सहाव्या शतकाच्या मध्याकडे आणि कलचुरी राजांकडे आहे. "हरवला म्हणजे? कुणी शोधला नाही?" हे ओवीने तीनदा विचारलं.

तिसरी अर्थातच मागच्या भिंतीतली सदाशिवाची मूर्ती. सगळे तिला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश असं सांगून मोकळे होतात. तसं नाही, तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. आपल्या डावीकडचा मिशीवाला, चिडलेला, हातात साप धरलेला अघोर. उजवीकडचा कोवळा, कमळ धरलेला, बाईसारखा. मधला मिटल्या डोळ्यांचा, शांत. मुलाला आधी डाव्या चेहऱ्यासमोर उभं करा, मग उजव्या, आणि शेवटी दूर मागे नेऊन खांबांच्या रांगेतून मधला दाखवा. वही काढा. दहा मिनिटं चित्र. मोठ्यांनीही काढायचं, नाहीतर मूल काढत नाही. ओवीचा अघोर अगदी माझ्या मेहुण्यासारखा, म्हणजे तिच्या बाबांसारखा दिसत होता. बहिणीला दाखवला, तिचंही तेच मत पडलं.

पुढची लेणी अपुरी आहेत, पाच-दहा मिनिटांत पाहून होतात. बौद्ध स्तूपाचे अवशेष असलेली पूर्वेकडची टेकडी लांब आहे, लहान मुलासोबत सोडून द्या.

तोफा, मग जेवण

लेण्यांच्या वरच्या टेकडीवर ब्रिटिशकाळातल्या दोन मोठ्या तोफा आहेत. वाट कच्ची, चढ वीस-पंचवीस मिनिटांचा, सावली कमी. बाराच्या आत चढा, नाहीतर नका. जेवून चढायचा बेत तर मुळीच करू नका. वरून बंदराच्या क्रेन, खाडी आणि धुरकट मुंबई एका नजरेत येते. तोफेवर चढू देऊ नका. उन्हात लोखंड भाजतं आणि उडी मारताना पाय मुरगळतो. हे मी कुणाचं बघून लिहीत नाहीये, माझाच मुरगळला होता.

जेवण पायऱ्यांवरच्या छोट्या हॉटेलांत. वरण-भात मागितलं तर मिळतं, सुरमई किंवा बोंबील तळून मिळतात. दर आधी विचारा. जेवताना माकडांकडे पाठ करून बसू नका.

गाव

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. उरण तालुका, रायगड जिल्हा. पायथ्याचं शेतबंदर सहज बघण्यासारखं, पण ते लोकांचं घर आहे. अंगणात डोकावून फोटो काढायचे नाहीत, आधी विचारायचं. धक्क्याच्या वाटेवर गावातल्या बायका तिखट-मीठ लावून कैरी, काकडी, पेरू विकतात. आमच्या शंभरातले वीस तिथे गेले. एका आजींना ओवीने विचारलं, "तुमची शाळा कुठाय?" आजी म्हणाल्या, "माजी कसली शाला, बाय. पोरा लाँचनी जातान." ओवीची स्कूलबस सोसायटीच्या दारात येते. ती बराच वेळ लाँचकडे बघत होती.

परतताना

शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असते, पण तिच्या भरवशावर राहू नका; त्या वेळी सगळं बेट एकदम धक्क्यावर येतं, आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. साडेतीन-चारची लाँच बरी. ठरल्याप्रमाणे आगगाडीत बसायचं, पण उतरल्यावर खूण केलेल्या झाडापर्यंत मागे चालत जायचं. आमच्या वाकड्या तिवराचा बुंधा पाण्यात होता, सकाळच्या पेन्सिली गायब. "निवटी कुठे गेले?" बिळांत. "बुडत नाहीत?" मासे आहेत ते. ती स्वतःशीच हसली.

परतीला खालच्या डेकवर बसा. मूल झोपतं. कोरडा टी-शर्ट तेव्हा उशी म्हणून उपयोगी.

आणि हत्ती

हत्तीचं खरं मी परतीच्या लाँचमध्ये सांगितलं, तेही तिने वहीत "हत्ती" असं लिहून मोकळं सोडलेलं पान दाखवल्यावर. राजबंदरच्या बाजूला मोठा दगडी हत्ती होता, त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला न्यायचं ठरवलं, उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून फुटला. तुकडे मुंबईला आणले, १९१४ साली जोडून उभे केले. तो आता भायखळ्याला राणीबागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. तुम्ही हे बेटावर पाऊल ठेवण्याआधीच सांगा. मूल दिवसभर दगडामागे डोकावत राहत नाही.

राणीबाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद, म्हणून बेटावर मंगळवारी गेलात तर गुरुवार धरा. भायखळा स्टेशनवरून पूर्वेला दहा मिनिटं चालत. आम्ही पुढच्या शनिवारी गेलो. पिंजरे, पेंग्विन सगळं सोडून ती आधी हत्तीपाशी गेली आणि खाली बसली. सोंड, पाय, पाठ काढून झाल्यावर अंगावरच्या जोडांच्या रेघाही तिने एकेक करून काढल्या. मग पानाच्या खाली लिहिलं, "मूळ गाव घारापुरी. सध्या भायखळा."